तेरा क्लब खेळला म्हणजे कुठेच टिकला नाही का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: फुटबॉलपटू केविन-प्रिन्स बोआटेंग २००५ ते २०२३ या काळात तेरा क्लबांकडून खेळला. जर्मनी, इंग्लंड, इटली, स्पेन, तुर्कस्तान, सगळं पालथं घातलं. एवढा चांगला होता तर एकाही क्लबाने त्याला धरून का ठेवलं नाही? असं करिअर ठरवतं कोण, तो स्वतः, एजंट की क्लबवाले? जाता जाता तुम्ही पुण्यात अकादमीत खेळणाऱ्या भाच्याबद्दलही विचारलं आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

युरोपातल्या खेळाडूंच्या करारांचे मसुदे वाचणं आणि दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे माझं उत्तर मैदानापेक्षा कागदाच्या बाजूने येईल. पहिली गोष्ट, ‘धरून ठेवणं’ हा प्रकार या धंद्यात फारसा नाही. फिफाच्या नियमांप्रमाणे खेळाडूचा करार साधारणपणे जास्तीत जास्त पाच वर्षांचा होतो, आणि संपला की खेळाडू मोकळा. युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बोस्मान निकालानंतर करार संपलेल्या खेळाडूसाठी जुन्या क्लबाला एक पैसाही मागता येत नाही. त्यामुळे ज्याला विकायचं त्याला शेवटचं वर्ष लागायच्या आत विकलं जातं, आणि ज्याला कोणी घेत नाही त्याला लोनवर, म्हणजे ठराविक काळासाठी दुसऱ्या क्लबाकडे उसना, धाडलं जातं. एकाच क्लबात पंधरा वर्षं काढणारे खेळाडू आपल्या लक्षात राहतात, कारण ते विरळ असतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बोआटेंगची यादी क्लबांच्या नावांनी वाचली तर ती भरकटलेली वाटते. त्याला बोलावलं कोणी, या हिशेबाने वाचा. तीच तीच चार-पाच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात.

सुरुवातीपासून बघू. जन्म १९८७ चा, बर्लिनच्या वेडिंग भागातला. लहानपणापासून हेर्था बर्लिनच्या अकादमीत वाढला, त्याचा सावत्र भाऊ जेरोमही तिथलाच. २००५ मध्ये पहिल्या संघात आला. त्या वेळी हेर्थाच्या मधल्या फळीत निको कोवाच नावाचा एक अनुभवी क्रोएशियन खेळत होता. हे नाव लक्षात ठेवा.

२००७ मध्ये लंडनच्या टॉटनहॅमने त्याला घेतलं. तेव्हा प्रशिक्षक होते मार्टिन योल. ऑक्टोबरमध्ये योल यांना काढलं, हुआन्दे रामोस आले, वर्षभराने त्यांनाही काढलं आणि हॅरी रेडनॅप आले. म्हणजे विशीतला पोरगा, परका देश आणि सव्वा वर्षात तीन प्रशिक्षक. लीगमध्ये त्याला जेमतेम चौदा सामने मिळाले. त्या दिवसांत एका आठवड्यात तीन महागड्या गाड्या घेतल्याचं त्याने पुढे स्वतःच मुलाखतीत सांगितलं आहे. लोक हा किस्सा बेशिस्तीचा म्हणून सांगतात. मला त्यात रिकामा वेळ दिसतो. नव्या प्रशिक्षकाला आधीच्याने आणलेला खेळाडू नको असला तर तो सकाळी सराव करतो आणि दुपारपासून त्याला काही काम नसतं. पगार मात्र दर आठवड्याला जमा होतो.

जानेवारी २००९ मध्ये तो डॉर्टमुंडला लोनवर गेला, युर्गन क्लॉपच्या हाताखाली. सहा महिन्यांनी परत, आणि तिथून पोर्ट्समथ. इथे जरा थांबतो, कारण माझ्या धंद्यात २००९-१० चं पोर्ट्समथ आजही उदाहरण म्हणून दिलं जातं. त्या मोसमात क्लबाचे मालक बदलत राहिले, खेळाडूंचे पगार उशिरा झाले आणि फेब्रुवारी २०१० मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या ताब्यात गेला. प्रीमियर लीगमधल्या क्लबावर ही वेळ पहिल्यांदाच आली होती. नऊ गुण कापले गेले, संघ खालच्या श्रेणीत गेला. देणेकऱ्यांच्या यादीत सामन्यांना प्रथमोपचार पुरवणारी सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स ही धर्मादाय संस्थासुद्धा होती. इंग्लंडमधला नियम असा की बुडालेल्या क्लबाला लीगमध्ये राहायचं असेल तर खेळाडूंचं आणि इतर क्लबांचं देणं आधी पुरतं भागवावं लागतं, बाकीच्यांच्या हातात उरेल ते. खेळाडूच्या वतीने काम करताना मला हा नियम सोयीचा आहे. न्याय्य आहे असं मात्र मी कधी म्हणणार नाही.

अशा बुडत्या संघातून बोआटेंग एफए कप ही इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा खेळत होता. उपांत्य फेरीत गाठ पडली टॉटनहॅमशी. जादा वेळेत पोर्ट्समथ २-० ने जिंकलं आणि दुसरा गोल पेनल्टीवर बोआटेंगचा. १५ मे रोजी अंतिम सामना चेल्सीशी. तिथे त्याची पेनल्टी चेल्सीचा गोलरक्षक पेत्र चेकने अडवली, थोड्याच वेळात चेल्सीच्याच द्रोग्बाच्या फ्री किकवर सामना गेला. त्याच सामन्यात बोआटेंगच्या टॅकलने मायकेल बालाकचा घोटा दुखावला आणि जर्मनीचा कर्णधार विश्वचषकाला मुकला. जर्मन वृत्तपत्रांनी त्याला सोलून काढलं. तो स्वतः त्याच विश्वचषकाला चालला होता, पण घानाकडून. वडिलांच्या देशाकडून खेळणं त्याला शक्य झालं ते फिफाने २००९ मध्ये देश बदलण्याची २१ वर्षांची वयोमर्यादा काढल्यामुळे, कारण तोवर तो जर्मनीच्या युवा संघांतून खेळलेला होता. २३ जूनला घाना विरुद्ध जर्मनी, एका बाजूला केविन, दुसऱ्या बाजूला जेरोम. पुढच्या फेरीत अमेरिकेविरुद्ध पाचव्याच मिनिटाला त्याने गोल केला.

तर हिशेब असा: मे महिन्यात खालच्या श्रेणीत गेलेल्या, कर्जबाजारी क्लबाचा खेळाडू, ऑगस्टमध्ये एसी मिलानमध्ये. कागदावर त्याला विकत घेतलं इटलीतल्याच जेनोआने आणि लगेच लोनवर दिलं मिलानला. जेनोआकडून तो एकही सामना खेळला नाही. असा वळसा का घालतात, हे विचारणारे बरेच भेटतात. सोपं करून सांगतो. समजा एका क्लबाने खेळाडू दोन कोटी युरोला पाच वर्षांच्या करारावर घेतला. जमाखर्चात तो खर्च एकदम पडत नाही, दर वर्षी चाळीस लाख असा विभागला जातो. दोन वर्षांनी पुस्तकात त्याची किंमत उरते एक कोटी वीस लाख. बाजारात कोणी ऐंशी लाखच देत असेल तर विकल्यावर चाळीस लाखांचा तोटा त्याच वर्षी दाखवावा लागतो. म्हणून मग लोन, त्यात खरेदीचा हक्क किंवा खरेदीची सक्ती, आणि पैसे पुढच्या वर्षांत ढकललेले. इटलीत तर खेळाडूची निम्मी-निम्मी मालकीसुद्धा चालायची, ती पद्धत २०१४ मध्ये बंद झाली. खेळाडू ‘भटकतो’ असं आपल्याला दिसतं, तेव्हा पुष्कळदा ताळेबंद भटकत असतो.

मिलानमध्ये बोआटेंग बहरला. प्रशिक्षक अलेग्रीने त्याला स्ट्रायकरांच्या मागे मोकळं सोडलं. पहिल्याच मोसमात संघाने लीग जिंकली. २३ ऑक्टोबर २०११ चा लेच्चेविरुद्धचा सामना मिळाला तर जरूर बघा: मध्यंतराला मिलान ०-३ मागे, बोआटेंग बाकावरून उतरतो, ४९, ५५ आणि ६३ व्या मिनिटाला तीन गोल करतो, मिलान ४-३ ने जिंकतं. जानेवारी २०१३ मध्ये खालच्या श्रेणीतल्या प्रो पात्रियाविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात प्रेक्षकांतून वंशद्वेषी आरोळ्या आल्या, तेव्हा त्याने चेंडू गॅलरीत भिरकावला आणि तो मैदानाबाहेर चालता झाला. सगळा संघ त्याच्यामागे गेला. त्यानंतर अडीच महिन्यांत तो जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर या विषयावर बोलला. त्या वेळी मिलानचा व्यवहार सांभाळणारे आद्रियानो गालियानी हे दुसरं लक्षात ठेवायचं नाव.

ऑगस्ट २०१३ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यात त्याने नेदरलँड्सच्या पीएसव्हीविरुद्ध दोन गोल केले आणि दोन दिवसांत तो जर्मनीतल्या शाल्केचा झाला. या सामन्याने मिलानला चॅम्पियन्स लीगचे पैसे मिळाले आणि खेळाडूची किंमतही वाढली. अशा विक्रीचा थोडा वाटा मागेही जातो. आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरच्या रकमेतले पाच टक्के, खेळाडूला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. म्हणजे बोआटेंगच्या अशा प्रत्येक विक्रीत हेर्थाचा वाटा.

शाल्केचा शेवट वाईट झाला. आधी २०१४ च्या विश्वचषकातून घानाने त्याला शिस्तभंगासाठी घरी पाठवलं, मग मे २०१५ मध्ये शाल्केने निलंबित केलं, आणि त्या वर्षाच्या अखेरीस करार संपवून त्याला मोकळं केलं. वय २८, सहा-सात महिने एकही अधिकृत सामना नाही, नावावर ‘डोक्याने तापट’ असा शिक्का. या टप्प्यावर बहुतेकांचं युरोपातलं दुकान बंद होतं. व्हिडिओ पाठवून कोणी घेत नाही, कारण गोल सगळ्यांनी पाहिलेले असतात. क्लबाच्या मनातली शंका वेगळीच असते: हा माणूस सोमवारी सकाळी सरावाला कसा येतो? त्याचं उत्तर फक्त त्याच्यासोबत काम केलेला माणूस देऊ शकतो.

इथून पुढची यादी वाचा. जानेवारी २०१६, सहा महिन्यांसाठी पुन्हा मिलान, गालियानी. मग स्पेनमधलं लास पाल्मास, तिथे लीगमध्ये दहा गोल. २०१७ मध्ये करार वाढवून काही महिन्यांतच कौटुंबिक कारणाने तो रद्द, आणि फ्रँकफर्ट. तिथे प्रशिक्षक कोण? हेर्थातला जुना सहकारी निको कोवाच. स्पोर्टिंग डायरेक्टर कोण? फ्रेडी बोबिच. मे २०१८ मध्ये त्यांनी बायर्नला ३-१ ने हरवून जर्मन कप जिंकला. २०२० मध्ये तो इटलीच्या दुसऱ्या श्रेणीतल्या मोंझाला गेला, तेव्हा लोकांना नवल वाटलं. मोंझाचे मालक बेर्लुस्कोनी आणि कारभारी गालियानी, म्हणजे मिलानचीच जुनी जोडी. २०२१ मध्ये हेर्थाने ३४ व्या वर्षी त्याला परत बोलावलं, तेव्हा तिथे कारभार बघत होते बोबिच.

मधे, २०१८ मध्ये, इटलीतलं सासुओलो. प्रशिक्षक रॉबेर्तो डी झेर्बीने त्याला आघाडीवर पण मागे उतरून खेळणारा म्हणून वापरलं. आणि जानेवारी २०१९ मध्ये बार्सिलोना. त्या बातमीवर जगभर हसू झालं, पण व्यवहार म्हणून तो अगदी नेटका होता. बदली स्ट्रायकर मुनीर सेव्हियाला गेल्यामुळे मुख्य स्ट्रायकर लुईस सुआरेझला पर्यायच उरला नव्हता. बार्सिलोनाला असा माणूस हवा होता जो पाच महिने बाकावर बसेल, कुरकुर करणार नाही, स्पेनची लीग ज्याला माहीत आहे, आणि जूनमध्ये ज्याला परत पाठवता येईल. तरुण खेळाडू अशा अटीवर येत नाही, त्याला खेळायला हवं असतं. बोआटेंग चार सामने खेळला, गोल शून्य, आणि लीग विजेतेपद मात्र त्याच्याही नावावर लागलं. मला विचाराल तर त्या जानेवारीच्या खरेदी-विक्रीतला तो सगळ्यात प्रामाणिक करार होता, दोन्ही बाजूंना आपण काय घेतोय ते पक्कं ठाऊक होतं. पुढे फिओरेंतिना, तिथून तुर्कस्तानातल्या बेशिक्ताशला लोन, हे मी भराभर सोडून देतो. ती निव्वळ पगाराची वर्षं होती.

२३ मे २०२२ मात्र सोडवत नाही. हेर्था पहिल्या श्रेणीतून बाहेर पडायच्या बेतात, हँबुर्गविरुद्ध निर्णायक लढतीचा पहिला सामना घरच्या मैदानावर ०-१ ने गमावलेला. हँबुर्गमध्ये ते २-० ने जिंकले आणि वाचले. बोआटेंग तेव्हा ३५ वर्षांचा, पाय थकलेले. संघ निवडताना त्याचं ऐकलं, हे प्रशिक्षक फेलिक्स मागात यांनीच नंतर सांगितलं. फेलिक्स मागात हा जर्मन फुटबॉलमधला सगळ्यात हुकूमशहा म्हणून ओळखला जाणारा माणूस आहे, एवढं सांगितलं की त्या वाक्याचं वजन कळेल. क्लबाने त्याला मिनिटं खेळायला नव्हे, ड्रेसिंग रूम सांभाळायला घेतलं होतं.

आता ‘ठरवतं कोण’ याचं सरळ उत्तर. चांगल्या काळात क्लब ठरवतात, वाईट काळात ओळखी ठरवतात, आणि एजंट या दोन्हींच्या मधे फोन उचलतो. खेळाडूच्या हातात बहुतेक वेळा फक्त ‘नाही’ म्हणणं असतं. तेही जानेवारीच्या शेवटच्या संध्याकाळी, खेळाडू घेण्या-देण्याची मुदत संपताना, फारसं चालत नाही. ती संध्याकाळ बाहेरच्यांना नाट्यमय वाटते, आत बसलेल्यांना ती कारकुनी असते. देशाबाहेरच्या प्रत्येक ट्रान्सफरची माहिती दोन्ही क्लबांनी फिफाच्या ऑनलाइन प्रणालीत स्वतंत्रपणे भरायची असते आणि ती तंतोतंत जुळावी लागते. एका क्लबाने दुसऱ्या हप्त्याची तारीख ३० जून टाकली आणि दुसऱ्याने १ जुलै, तरी गाडी तिथेच अडते. खेळाडू दवाखान्यात गुडघ्याचं एमआरआय करून घेत असतो, बायको फोनवर मुलांच्या शाळेचं विचारत असते, आणि मी त्या वेळी बहुधा शेवटची दोन पानं वाचत असतो. घरभाडं कोण देणार, लोन मध्येच तुटलं तर घर किती दिवसांत सोडायचं, विमानाची तिकिटं किती, पगाराचा आकडा कर कापून की कापायच्या आधीचा. इटलीत बोलणी हातात पडणाऱ्या वार्षिक रकमेवर होतात, इंग्लंडमध्ये कर धरून आठवड्याच्या रकमेवर. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या खेळाडूची सगळ्यात महागडी चूक इथेच होते. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण या बिऱ्हाडाला परिशिष्टं फार.

आणखी एक. बोआटेंग हा या जातीतला श्रीमंत नमुना आहे. त्याच्या खाली हजारो आहेत, ज्यांचे करार एका मोसमाचे आणि क्लब सायप्रस, रोमानिया नाहीतर इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतले. खेळाडूंची आंतरराष्ट्रीय संघटना फिफप्रोने २०१६ मध्ये जगभरच्या सुमारे चौदा हजार खेळाडूंची पाहणी केली, त्यात ४१ टक्क्यांनी आधीच्या दोन वर्षांत पगार उशिरा झाल्याचं सांगितलं. सध्याच्या नियमांत दोन महिन्यांचे पगार थकले तर खेळाडू क्लबाला लेखी कळवून पंधरा दिवसांची मुदत देऊ शकतो, आणि तरीही पैसे आले नाहीत तर करार तोडून मोकळा होऊ शकतो. अशा खेळाडूच्या नावापुढे नवा क्लब दिसला की ‘पुन्हा सोडला’ असं म्हणायच्या आधी, पगार झाला होता का, हे बघावं. आपल्याकडे मुंबई सिटीकडून खेळून गेलेला निकोला अनेल्का हा मात्र दुसऱ्या टोकाचा: पॅरिस, आर्सेनल, रेआल माद्रिद, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, फेनरबाचे, बोल्टन, चेल्सी, युव्हेंटस. त्याचं प्रकरण ओळखींचं नाही, भांडणांचं आहे. तो वेगळा विषय.

आता भाचा. बोआटेंगच्या सगळ्या भटकंतीमागे एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे जर्मन पासपोर्ट. त्या काळात बर्लिनहून लंडन, लंडनहून मिलान, कुठेही परवान्याचा प्रश्न नव्हता. भारतीय पासपोर्टवर प्रश्न तिथूनच सुरू होतो. २००९ मध्ये सुनील छेत्रीला इंग्लंडमधल्या क्वीन्स पार्क रेंजर्सने घ्यायचं ठरवलं होतं. भारत फिफा क्रमवारीत पहिल्या सत्तरांत नव्हता म्हणून वर्क परमिट नाकारलं गेलं. गुरप्रीत सिंग संधूला जमलं ते नॉर्वेच्या स्टाबेकमध्ये, आणि २०१६ मध्ये तो युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळलेला पहिला भारतीय ठरला. म्हणजे रस्ता आहे, पण बहुधा इंग्लंड-स्पेनमधून नाही.

भाचा अठराच्या आतला असेल तर अजून एक दार बंद आहे. फिफा अठरा वर्षांखालच्या खेळाडूचं परदेशी क्लबात जाणं सरसकट रोखते. अपवाद मोजके आहेत, त्यातला आपल्या लोकांना लागू पडू शकेल असा मुख्य म्हणजे आईवडील फुटबॉलव्यतिरिक्त दुसऱ्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर. त्यामुळे सोळाव्या वर्षी ‘युरोपातल्या क्लबात नक्की प्रवेश, आधी ट्रायलचे पैसे भरा’ असं कोणी सांगत असेल तर त्याला दोनच गोष्टी विचारा: क्लबाचं स्वतःच्या पत्त्यावरून आलेलं निमंत्रण, आणि त्याचा फिफाचा एजंट परवाना. २०२३ पासून परवान्यासाठी परीक्षा आहे आणि परवानाधारकांची नावं फिफाच्या संकेतस्थळावर बघता येतात. नाव सापडलं नाही तर पैसे भरू नका, आणि सापडलं तरी करारावर सही करायच्या आधी तो एखाद्या वकिलाकडून वाचून घ्या, शेवटच्या दोन पानांसकट.